मधुमेह असताना सायकलने कामावर जाणे

व्यायामाला वेगळा वेळ मिळत नाही, मग सायकलने ऑफिसला गेले तर चालेल का? मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी याचे उत्तर 'हो' असे आहे. मात्र भर रहदारीत साखर कमी झाली तर अपघात होऊ शकतो. म्हणून थोडी तयारी करूनच निघा.

फायदा किती?
जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा. ऑफिस 5 किलोमीटरवर असेल तर एका बाजूला साधारण 25 मिनिटे लागतात. आठवड्यातून तीन दिवस जाऊन-येऊन केले की 150 मिनिटे भरतात.

साखर कमी होण्याचा धोका कोणाला?
इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका असतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो फार कमी असतो. परतीच्या वेळी अधिक जपा. दुपारी एकला जेवून संध्याकाळी सहाला काही न खाता निघालात, तर साखर आधीच उतरलेली असू शकते.

लक्षणे ओळखणे अवघड का जाते?
साखर 70 च्या खाली गेली की घाम येतो, धडधडते, हात थरथरतात. पण घाम आणि धडधड सायकल चालवतानाही होतेच. 'चढावर दमलो असेन' असे समजून माणूस पुढे जात राहतो. नेहमीचे वळण चुकणे, सिग्नल उशिरा लक्षात येणे, हँडल डगमगणे, अकारण चिडचिड होणे ही लक्षणे दमल्याची समजू नका. मेटोप्रोलॉलसारखी औषधे घेत असाल तर धडधड जाणवणारही नाही.

निघण्यापूर्वी
• साखर तपासा. 90 पेक्षा कमी असेल तर छोटे केळे किंवा दोन-तीन बिस्किटे खा आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.
• साखर 250 च्या वर असून बरे वाटत नसेल तर सायकल काढू नका.
• सायकल चालवायची असेल तेव्हा इन्सुलिन मांडीत न घेता पोटावर घ्या. डोस मनाने बदलू नका.
• ग्लुकोज पावडर किंवा साखर मागच्या बॅगेत नको, खिशात ठेवा.
• पुढून बंद असलेले बूट घाला आणि रोज पाय तपासा.

रस्त्यावर
हेल्मेट घाला. उभ्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवा, कारण दार अचानक उघडू शकते. बस-ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. तिथे तुम्ही चालकाला दिसत नाही.

लक्षणे जाणवली तर
लगेच कडेला उतरा. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्या. 15 मिनिटांनी साखर तपासा, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा घ्या. साखर वर आली तरी मेंदू सावरायला साधारण पाऊण तास लागतो. ऑफिसला उशीर झाला तरी चालेल. उरलेले अंतर रिक्षाने जा.

घरच्यांसाठी
तुमचा रस्ता आणि वेळ घरी सांगून ठेवा. मधुमेह असल्याचे कार्ड पाकिटात असू द्या. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

आधी डॉक्टरांना कधी भेटावे?
छातीत दुखणे, हृदयविकार, डोळ्याच्या पडद्यातील रक्तस्राव, पायाची जखम किंवा लक्षणे न जाणवता वारंवार साखर कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी झाल्याशिवाय सायकल सुरू करू नका.