'तर' आणि 'तरच'

अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी जी एलसॅट परीक्षा घेतात, तिच्यातून ऑगस्ट २०२४ पासून 'लॉजिक गेम्स'चा विभाग गेला. ३५ मिनिटांत चार कोडी. 'आकृत्यांचा खेळ तो, वकिलीशी त्याचा संबंध काय?' असं सर्रास म्हटलं जातं. मला ते साफ अमान्य आहे.

एक कोडं घेऊ. सोमवार ते शुक्रवार, रोज एक साक्षीदार. पोलिसाच्या लगेच दुसऱ्या दिवशी शेजारी. घरमालक बुधवारी. डॉक्टर शुक्रवारी असेल तरच बहीण सोमवारी. घाईने वाचणारा धरून चालतो, की डॉक्टर शुक्रवारी म्हणजे बहीण सोमवारी. तसं नाही. पोलीस, शेजारी, घरमालक, बहीण, डॉक्टर हा क्रम सगळे नियम पाळतो. उलट बहीण सोमवारी कधीच येऊ शकत नाही. ती आली तर डॉक्टर शुक्रवारी जाईल, उरतील मंगळवार आणि गुरुवार, आणि पोलीस-शेजाऱ्याची जोडी फुटेल. हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, नियमांतून ते काढावं लागतं.

नियम उलटा वाचू नये, हेच आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, शिकवलं. धूर तिथे अग्नी, म्हणून अग्नी नाही तिथे धूर नाही. पण अग्नी तिथे धूर म्हणाल, तर तापलेला लोखंडाचा गोळा आडवा येतो: त्यात अग्नी असतो, धूर नसतो.

आता कायदा बघा. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार जन्माने नागरिक असलेली व्यक्तीच राष्ट्राध्यक्षपदाला पात्र ठरते. त्या 'च'वरून जन्माने नागरिक असलेला प्रत्येक जण पात्र ठरत नाही. वयाची ३५ वर्षं आणि देशात १४ वर्षांचं वास्तव्यही लागतं. कोड्यातली चूक आणि इथली चूक एकच आहे. सरावाने कोडी जमतात हे खरं, पण मग कलमं वाचणंही सरावानेच जमतं.

अंध उमेदवारांची तक्रार मात्र रास्त होती. आकृती काढता येत नसेल, तर त्या वेळात ही कोडी सोडवणं अन्यायाचं होतं. २०१९ मध्ये त्यांच्याशी झालेल्या तडजोडीतूनच पुढे हा विभाग गेला. पण ती तक्रार आकृतीच्या सक्तीबद्दल होती. नियम कमी करून, वेळ वाढवून तर्क ठेवता आला असता. वरचं कोडं कुणालाही सावकाश वाचून दाखवा, हातात कागद देऊ नका. बहीण सोमवारी का येणार नाही, ते तो तोंडी सांगेल.