कुत्र्याचा पाय का उडतो?

बल्लारपूरसारख्या जंगलालगतच्या गावात कधी कधी रस्त्याकडेला असा कुत्रा दिसतो. तो निपचित पडलेला असतो, पण एक पाय किंवा जबडा ठरावीक ठेक्यात उडत राहतो. झोपेतही हा ठेका थांबत नाही. कुणी म्हणतो विष खाल्ले, कुणी म्हणतो पिसाळला. बऱ्याचदा डिस्टेंपर या रोगाने मागे ठेवलेली ही खूण असते.

युरोपातले जुने पशुवैद्य या हालचालीला 'कोरिया' म्हणत. या शब्दाचे मूळ ग्रीक, अर्थ नृत्य. माणसांच्या एका विकाराचे हे नाव कुत्र्यालाही चिकटले. मग दोन्हींचा उगम एकच का? 1860च्या दशकात फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ शोव्हो यांनी अशा कुत्र्याचा मज्जारज्जू मानेजवळ कापून पाहिला. मेंदूशी संबंध तुटला, तरी पाय उडतच राहिला! म्हणजे ठेका मज्जारज्जूतच तयार होत होता. माणसाचा कोरिया मात्र अनियमित असतो आणि तो मेंदूतून उद्भवतो. नाव एक, विकार दोन.

जागा कळली, कारण कळायला आणखी 40 वर्षे लागली. देवीची लस शोधणाऱ्या जेन्नर यांनी 1809 मध्ये डिस्टेंपरचे वर्णन केले होते. 1905 मध्ये कारे यांनी आजारी कुत्र्याच्या नाकातला स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. त्या गाळलेल्या द्रवानेही निरोगी कुत्रे आजारी पडले. रोगकारक होता विषाणू. गोवर आणि बुळकांडी यांच्या विषाणूंचा भाऊबंद. ताप ओसरल्यावरही तो मज्जासंस्थेत टिकून राहू शकतो. 1920च्या दशकात इंग्लंडमध्ये लेडलॉ आणि डंकिन यांनी त्यावर लस तयार केली.

चंद्रपूर जिल्ह्यात हा इतिहास केवळ कुत्र्यांपुरता राहत नाही. गावातला कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे आणि हा विषाणू मार्जारकुळालाही सोडत नाही. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने मेले. 2018 मध्ये गीरमध्ये 20 हून अधिक सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत हाच विषाणू आढळला.

डिस्टेंपर माणसाला होत नाही. पण रेबीज नाही, हे नुसत्या नजरेने ठरत नाही; म्हणून अशा कुत्र्याला हात न लावता पशुवैद्याला बोलवावे. एकदा उडू लागलेला पाय सहसा थांबत नाही. पिल्लांना वेळेवर लस देणे मात्र आपल्या हातात आहे, आणि ताडोबाच्या भोवतालच्या गावांत ती लस जंगलाच्याही कामी येते.