स्मरणरंजन आणि कालक्रम : १९९५-९६ मधील जपानी अ‍ॅनिमे व चाहत्यांच्या आठवणींचे ऐतिहासिक मूल्य

जपानी दूरचित्रवाणीच्या इतिहासात १९९६ या वर्षाचे पहिले तीन महिने विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ३१ जानेवारी रोजी 'ड्रॅगन बॉल झेड' ही सात वर्षे चाललेली मालिका संपली. २३ मार्च रोजी बास्केटबॉलवरील 'स्लॅम डंक' १०१ भागांनंतर थांबली, आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २७ मार्चला, 'निऑन जेनेसिस इव्हान्गेलिओन' या मालिकेचा सव्विसावा व अखेरचा भाग प्रसारित झाला. त्या वेळी दहा-पंधरा वर्षांची असलेली मुले आज चाळिशीत आहेत. त्या पिढीच्या बोलण्यात व लेखनात या मालिकांचा उल्लेख ज्या जिव्हाळ्याने येतो, तो पाहता एका हरवलेल्या घराविषयी आपण ऐकत आहोत असे वाटावे. प्रस्तुत लेखात या जिव्हाळ्याकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या आठवणी १९९५ सालाविषयी जेवढे सांगतात, त्याहून अधिक त्या सालानंतरच्या तीन दशकांविषयी सांगतात, हे येथील प्रतिपादन होय.

प्रथम शब्दाविषयी. 'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे एका व्याधीसाठी घडविली. परमुलखात गेलेल्या स्विस लोकांना, विशेषतः सैनिकांना, जडणारी घराची झुरणी असा तिचा अर्थ होता. जपानी भाषेतील 'नात्सुकाशी' या शब्दाचे मूळ मात्र 'सलगी होणे, लळा लागणे' अशा अर्थाच्या क्रियापदात आहे. त्यात व्याधी नाही, लळा आहे. मराठी समीक्षेने रूढ केलेला 'स्मरणरंजन' हा शब्द या दोहोंपेक्षा निराळा, किंचित संशयी आहे. स्मरण हे रंजनासाठी केले जाते आणि रंजन करताना ते रंगही भरते, अशी सूचना त्यात दडलेली आहे. प्रस्तुत विवेचनास हाच शब्द अधिक सोयीचा वाटतो.

'इव्हान्गेलिओन'विषयी नेहमी केले जाणारे एक विधान तपासून पाहू. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात भूकंप होऊन सहा हजार चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २० मार्च रोजी ओम शिन्रिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. आणि ४ ऑक्टोबर रोजी जगबुडीनंतरच्या टोकियोची ही कथा दूरचित्रवाणीवर अवतरली. या तीन घटना एका ओळीत मांडल्या की तिसरी पहिल्या दोहोंचे उत्तर आहे असे सहज वाटू लागते, आणि चाहत्यांच्या आठवणींत ते तसेच नोंदले गेले आहे. परंतु कालक्रम या वाचनास अनुकूल नाही. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो व गायनॅक्स या संस्थेने मालिकेची आखणी १९९३ मध्येच सुरू केली होती; योशियुकी सादामोतो यांनी काढलेली तिची चित्रकथा १९९४ च्या डिसेंबरात, म्हणजे भूकंपापूर्वीच, मासिकातून येऊ लागली होती. पौगंडावस्थेतील मुलांना युद्धास जुंपणारे वडीलधारे, कोसळणारी शहरे, गूढ धर्मचिन्हे हे सारे त्या आपत्तींच्या आधी कल्पिलेले होते. प्रेक्षकांनी मात्र ते आपत्तींच्या नंतर पाहिले. निर्मितीचा काळ आणि ग्रहणाचा काळ यांतील हे अंतर स्मरणरंजन पुसून टाकते. अर्थात निर्मात्यांना भविष्य दिसत होते असे मुळीच नव्हे. १९९०-९१ मध्ये फुटलेल्या आर्थिक फुग्यानंतरची मरगळ दोन्हीकडे समान होती, इतकेच फार तर म्हणता येईल.

दुसरा मुद्दा प्रत्यक्ष पाहण्याचा. 'आम्ही ती दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला पाहत असू' ही आठवण प्रातिनिधिक मानली जाते. परंतु ज्या टीव्ही टोकियोवर ही मालिका लागत असे, तिच्या साखळीत त्या काळी सहाच केंद्रे होती आणि देशाचा मोठा भाग त्यांच्या कक्षेबाहेर होता. तेथील मुलांपर्यंत ही मालिका पोचली ती एखाद्या स्थानिक वाहिनीवरून, किंवा चित्रफिती व लेझर डिस्क यांच्यामार्फत. १९९७ मध्ये मध्यरात्रीनंतर झालेल्या पुनःप्रसारणाने तिला आणखी नवा प्रेक्षक मिळवून दिला आणि रात्री उशिरा, प्रौढांसाठी अ‍ॅनिमे दाखविण्याची पुढे रुळलेली प्रथाही त्यातूनच बळावली. तेव्हा '१९९५ ची आठवण' ही पुष्कळांच्या बाबतीत १९९७ ची किंवा त्याही नंतरची असावी, आणि सामूहिक कथनात सामील होण्यासाठी ती मागे सरकविली गेली असावी, असे अनुमान काढावयास जागा आहे. यात कोणी खोटे बोलत आहे असे सुचवावयाचे नाही. मौखिक इतिहासाचे साहित्य हाताळणाऱ्या अभ्यासकांस ही सरकासरक चांगली परिचित आहे. स्वातंत्र्यलढ्यातील सभांच्या आठवणी गोळा करणाऱ्या आपल्याकडील संशोधकांनाही ती वारंवार भेटते.

याहून लक्षणीय गोष्ट रागाची आहे. शेवटच्या दोन भागांत कथानक बाजूला ठेवून नायकाच्या मनातच सारा प्रसंग घडतो. पडद्यावर संहितेची पाने, कच्ची रेखाटने, छायाचित्रे येतात. असंख्य प्रेक्षक चिडले. जुलै १९९७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'द एंड ऑफ इव्हान्गेलिओन' या चित्रपटात आन्नो यांनी चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकांचीच जिवंत दृश्ये आणि प्रेक्षकांच्या संतप्त संदेशांची क्षणिक झलक दाखविली. चाहत्यांपुढे धरलेला आरसाच तो. आज हेच दोन भाग धाडसाचा नमुना म्हणून गौरविले जातात. चोविसाव्या भागात जवळजवळ एक मिनिट एकच स्थिर चित्र पडद्यावर राहते. तेही आता शैलीचे वैशिष्ट्य ठरले आहे. वेळ आणि पैसा हातातून निसटत चालल्याचा त्या चित्राशी काही संबंध होता, हे सांगितलेले चाहत्यांना फारसे रुचत नाही. वस्तुतः कमीत कमी चित्रांत जास्तीत जास्त परिणाम साधण्याची ही काटकसर १९६३ मधील 'तेत्सुवान आतोमु'पासून जपानी दूरचित्रवाणीस अंगवळणी पडली होती. आन्नो यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ते वाढतेच, कारण नाइलाजाला अर्थ देणे हे कलावंताचेच काम आहे. पण मधली चित्रे काढणाऱ्या व रंग भरणाऱ्या, अत्यल्प मोबदल्यावर राबणाऱ्या हातांचा उल्लेख या गोड आठवणींत क्वचितच येतो. त्यांतील बरेच काम तेव्हाही दक्षिण कोरिया व फिलिपीन्समध्ये होत असे.

मग राग प्रेमात कसा बदलला? याचे एक उत्तर चाहत्यांच्या पुढील आयुष्यात आहे. १९९५ मध्ये चौदा वर्षांचा, म्हणजे मालिकेच्या नायकाच्याच वयाचा मुलगा २००३-०४ च्या सुमारास पदवीधर झाला. जपानमध्ये १९९३ ते २००५ हा कालखंड 'नोकरभरतीचे हिमयुग' म्हणून ओळखला जातो. कायम नोकरीची परंपरा विस्कटून तात्पुरत्या व कंत्राटी कामावर एक अख्खी पिढी ढकलली गेली. ज्यांचे प्रौढत्व असे लांबत गेले, त्यांना त्या लांबणीआधीचा अखेरचा भरघोस काळ म्हणजे नव्वदीचा मध्य वाटावा, हे स्वाभाविक आहे. १९९४ च्या अखेरीस 'शोनेन जंप' या साप्ताहिकाचा खप ६५ लाख प्रतींच्या वर गेला होता. एका वर्गातील बहुतेक मुले एकाच आठवड्यात एकच गोष्ट वाचत आहेत, असा अनुभव त्या पिढीनंतर त्या प्रमाणात कोणाच्या वाट्याला आला नाही. आठवणीतील ऊब चित्रांची आहे, तितकीच या सामायिकतेची आहे.

दुसरे उत्तर प्रतिष्ठेचे. १९८९ मधील बालिकाहत्या प्रकरणानंतर 'ओताकू' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई. १९९६ मध्ये गायनॅक्सचे एक संस्थापक तोशिओ ओकादा टोकियो विद्यापीठात ओताकू संस्कृतीवर व्याख्याने देऊ लागले आणि २००१ मध्ये हिरोकी आझुमा यांनी त्याच संस्कृतीवर उत्तर-आधुनिकतेच्या अंगाने ग्रंथ लिहिला. चाहते महाकथा शोधत नाहीत, पात्रांचे सुटे सुटे घटक भोगतात, असे आझुमा म्हणतात. आजचे स्मरणरंजन पाहता हे मत अंशतः अपुरे वाटते. लोक परतून जातात ते घटकांकडे नव्हे, आपण ते पाहत होतो त्या खोलीकडे.

'स्लॅम डंक'च्या बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते. मालिका थांबली तेव्हा मूळ चित्रकथेतील राष्ट्रीय स्पर्धेचा निर्णायक सामना पडद्यावर आलाच नव्हता. तो आला ३ डिसेंबर २०२२ रोजी, मूळ चित्रकथाकार ताकेहिको इनोउए यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटातून. प्रदर्शनाच्या तोंडावर पूर्वीचे आवाज बदलल्याचे कळताच जुन्या चाहत्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. आपल्या आठवणीवर कोणी हात घातल्याची ती प्रतिक्रिया होती. चित्रपटाने पुढे जपानमध्ये दीड हजार कोटी येनहून अधिक उत्पन्न मिळविले. कामाकुराजवळील समुद्राकाठचे एक रेल्वे फाटक मालिकेच्या आरंभगीतात दिसत असे. आज तैवान, चीन, कोरिया येथून आलेल्या पर्यटकांची तेथे इतकी दाटी होते की स्थानिक रहिवाशांना रस्ता ओलांडणे जिकिरीचे होते. अशा स्थळांच्या भेटीस जपानीत पवित्र स्थळांची यात्रा असेच म्हणतात. आपल्याला ही भाषा परकी वाटू नये.

भारतापुरता एक उल्लेख करावयास हवा. युगो साको व मुंबईचे राम मोहन यांच्या सहभागाने तयार झालेला 'रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम' हा अ‍ॅनिमेपट १९९३ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला, तरी येथील प्रेक्षकांनी तो मुख्यतः दूरचित्रवाणीवरच पाहिला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतातील चित्रपटगृहांत आला तो त्या बालप्रेक्षकांच्या लोभामुळेच. राम मोहन यांचे निधन २०१९ मध्ये झाले होते.

येथवर स्मरणरंजनावर आक्षेप घेतले. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या काळची चित्रे पारदर्शक अ‍ॅसिटेट पत्र्यांवर हाताने रंगविली जात. चित्रीकरण झाले की या 'सेल'ना निर्मात्यांच्या लेखी किंमत उरत नसे. कित्येक कचऱ्यात गेले, काही चाहत्यांनी उचलून घरी नेले. १९९७ नंतर संगणकीय रंगकामाने ही पद्धतच मागे पडली. गायनॅक्सनेही २०२४ च्या मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. आन्नो यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये अ‍ॅनिमे व विशेष दृश्यपरिणाम यांच्या साधनांचे जतन करणारी संस्था स्थापन झाली खरी, परंतु अ‍ॅसिटेट स्वतःच विघटन पावतो. दमट हवेत तो आकसतो, वाकतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. साध्या फडताळात तीस वर्षे जपलेला असा सेल बाहेर काढला की प्रथम येतो तो व्हिनेगरचा आंबूस वास. ज्या संग्राहकांच्या आठवणींतील तारखा आपण वर तपासल्या, त्यांच्याच फडताळांत त्या काळाचे अस्सल पुरावे आहेत, आणि ते फार काळ टिकणार नाहीत.