विजयानंतरची सहा प्रकरणे : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या समारोपाचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अद्भुतरम्य महाकादंबरीचा विचार जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या ग्रंथाला वगळून करता येत नाही. जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या कृतीने पुढील अनेक लेखकांना त्रिखंडी रचनेचा नमुना घालून दिला. तिच्या अखेरच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या खंडाचा समारोप मात्र प्रसिद्धीपासूनच वादाचा विषय ठरला. काही समीक्षकांना तो बाळबोध सुखान्त वाटला, तर काहींना नको तितका लांबलेला. असे असूनही हाच शेवट वाचकांच्या अनेक पिढ्यांना समाधान देत आला आहे. या समाधानाचे स्वरूप काय आणि ते कोणत्या ऐतिहासिक घडामोडींतून सिद्ध झाले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी लेखकाचा युद्धानुभव, त्याची साहित्यविषयक भूमिका, हस्तलिखितांतील बदल आणि ग्रंथाचे तत्कालीन स्वागत या चार अंगांचा विचार येथे केला आहे.

कथानकाची चौकट

सॉरॉन या दुष्ट शक्तीने घडविलेली सत्तेची अंगठी नष्ट करण्याची जबाबदारी फ्रोडो या सामान्य ‘हॉबिट’वर येते. ज्या अग्निपर्वतात ती घडविली गेली, त्याच्याच ज्वाळांत टाकल्याशिवाय तिचा नाश होत नाही. सॅम हा फ्रोडोचा माळी व सेवक शेवटपर्यंत त्याच्यासोबत असतो. एकेकाळी अंगठी ज्याच्याजवळ होती आणि तिच्या लोभाने ज्याची दुर्दशा झाली, तो गॉलमही त्यांच्या मागावर असतो.

ग्रंथाची अंतर्गत विभागणी सहा भागांत आहे. सहाव्या भागात नऊ प्रकरणे असून अंगठीचा नाश तिसऱ्या प्रकरणातच होतो. ज्या घटनेसाठी वाचकाने तीन खंड वाचले, ती घडून गेल्यानंतरही सहा प्रकरणे शिल्लक राहतात. शेवट लांबल्याचा आक्षेप याच सहा प्रकरणांवर घेतला जातो. प्रत्यक्षात या ग्रंथाचा समारोप समजून घेण्याची किल्लीही त्यांतच आहे.

युद्धानुभव आणि ‘मंगल कलाटणी’ची संकल्पना

टॉल्किन जून १९१६ मध्ये ‘लँकेशायर फ्युजिलियर्स’ या पलटणीतील अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये दाखल झाले. सोमच्या लढाईत भाग घेतल्यावर ‘ट्रेंच फीव्हर’ जडल्याने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांना मायदेशी पाठविण्यात आले. त्यांच्या शालेय मित्रमंडळातील रॉबर्ट गिल्सन लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी मारले गेले. जेफ्री स्मिथ त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मृत्यू पावले. १९१८ पर्यंत एक अपवाद वगळता सर्व जिवलग मित्र गमावल्याचे टॉल्किन यांनी ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात नमूद केले आहे. सॅमच्या व्यक्तिरेखेत पहिल्या महायुद्धातील साध्या इंग्रज शिपायांचे आणि अधिकाऱ्यांच्या सेवक-सैनिकांचे प्रतिबिंब असल्याचेही त्यांनी सांगितले होते.

या अनुभवाइतकीच त्यांची वाङ्मयीन भूमिकाही महत्त्वाची आहे. ८ मार्च १९३९ रोजी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांविषयी व्याख्यान दिले. ते विस्तारित स्वरूपात १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. या निबंधात त्यांनी ‘युकॅटॅस्ट्रॉफी’ ही नवी संज्ञा मांडली. सर्व आशा मावळल्यावर कथेला अचानक मिळणारी मंगल कलाटणी, असा तिचा आशय सांगता येईल. ही कलाटणी दुःख आणि पराभव यांचे अस्तित्व नाकारत नाही. ते खरे असतात, म्हणूनच तिच्यातील आनंदाला मोल येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. परीकथा केवळ मुलांसाठी असते हा समजही त्यांनी याच निबंधात खोडून काढला. डिसेंबर १९३७ मध्ये आरंभलेल्या या कादंबरीचे लेखन त्या वेळी चालू होते. म्हणजेच सिद्धान्त आणि कथा यांची घडण समांतर होत होती.

अग्निपर्वतावरील अपयश

या ग्रंथातील मंगल कलाटणी नायकाच्या पराक्रमाने घडत नाही. अग्निपर्वताच्या मुखाशी पोहोचल्यावर फ्रोडो अंगठी टाकण्यास नकार देतो आणि तिच्यावर स्वतःचा हक्क सांगतो. त्याच क्षणी गॉलम झडप घालून त्याचे बोट अंगठीसह तोडतो आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन ज्वाळांत कोसळतो. मोहीम यशस्वी होते, परंतु मोहिमेचा नायक अपयशी ठरतो.

हा प्रसंग ऐन वेळी सुचलेला नव्हता. लेखनाच्या आरंभीच्या वर्षांतील जी टिपणे पुढे ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी प्रसिद्ध केली, त्यांतही नायकाला अंगठीचा त्याग करवत नाही ही कल्पना आढळते. ही कलाटणी निव्वळ योगायोगाचीही नाही. पूर्वी बिल्बोने, नंतर फ्रोडोने आणि अखेरीस पर्वताच्या उतारावर सॅमनेही गॉलमला मारण्याची संधी असताना जिवंत सोडलेले असते. तीन वेळा दाखविलेल्या या दयेचे फळ शेवटच्या क्षणी पदरात पडते. १९५६ आणि १९६३ मधील पत्रांत टॉल्किन यांनी या प्रसंगाचे स्पष्टीकरण केले आहे. त्या टोकाच्या दबावाखाली कोणाचीही इच्छाशक्ती टिकली नसती. फ्रोडोने आपली सर्व शक्ती खर्ची घातली होती, म्हणून त्याचे अपयश नैतिक अपयश ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

परिशिष्टातील कालगणनेनुसार अंगठीचा नाश २५ मार्च रोजी होतो. ख्रिस्ती परंपरेत हा मेरीला देवदूताने दिलेल्या शुभवार्तेचा दिवस आहे आणि मध्ययुगीन समजुतीप्रमाणे येशूच्या क्रूसारोहणाचाही. श्रद्धावान कॅथलिक असलेल्या लेखकाने ही तिथी सहज निवडली असेल असे मानणे कठीण आहे. कथेत मात्र त्याने या संबंधाचा कोठेही उच्चार केलेला नाही.

शायरची मुक्तता : घरातील युद्ध

विजयोत्सव, राज्याभिषेक आणि निरोप यांनंतर चार हॉबिट आपल्या शायर या प्रदेशात परततात, तेव्हा तो ओळखू न येण्याइतका बदललेला असतो. झाडे तोडली आहेत, जुनी गिरणी पाडून धूर ओकणारी नवी उभारली आहे, धान्य गोळा करून बाहेर नेले जात आहे आणि नियमांच्या जाचाने लोक दबलेले आहेत. या सर्वांमागे पराभूत जादूगार सारुमान असतो. मेरी व पिपिन यांच्या नेतृत्वाखाली हॉबिट उठाव करतात. बायवॉटरच्या लढाईत सुमारे सत्तर गुंड मारले जातात आणि एकोणीस हॉबिटांना प्राण गमवावे लागतात. दूरच्या रणांगणांवर हजारोंच्या सेना लढून गेल्यानंतर एकोणीस हा आकडा लहान वाटेल. पण हे एकोणीस जण शेजारी आहेत, हे वाचक विसरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमधील टंचाई आणि सरकारी नियंत्रणे यांचे रूपक म्हणून हे प्रकरण अनेकांनी वाचले. टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात हा अर्थ नाकारला. हा भाग आरंभापासून योजिलेला होता आणि त्याला अनुभवाचा काही आधार असलाच, तर तो फार जुना आहे, असे त्यांनी लिहिले. बालपणी ज्या ग्रामीण परिसरात ते राहिले, तो त्यांच्या वयाच्या दहाव्या वर्षाआधीच वाढत्या शहराच्या रेट्याखाली विद्रूप होऊ लागला होता. बर्मिंगहॅमजवळील सेअरहोल या खेड्यात १८९६ ते १९०० या काळात त्यांचे वास्तव्य होते आणि तेथे पाण्यावर चालणारी गिरणी होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

हस्तलिखितांच्या इतिहासातून या प्रकरणाविषयी दोन महत्त्वाच्या गोष्टी समजतात. पहिल्या खर्ड्यात गुंडांचा म्होरक्या हा सारुमान नव्हता. ती जोड नंतर दिली गेली. दुसरी गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. आरंभीच्या खर्ड्यात फ्रोडो स्वतः संघर्षात पुढाकार घेतो. अंतिम पाठात तो शस्त्र उचलत नाही आणि शरण आलेल्यांची हत्या होऊ नये एवढ्यासाठीच मध्ये पडतो. ज्याच्या हातून अंगठी सुटली नाही, त्याला सत्ता गाजविण्यात किंवा सूड घेण्यात आता रस उरलेला नाही. लेखकाने पुनर्लेखनात नायकाचे शौर्य कमी केले आणि त्यामुळेच शेवटाची नैतिक बाजू बळकट झाली.

न भरणारी जखम

सॅमला बक्षीस मिळालेल्या मूठभर मातीने शायर पुन्हा बहरतो. त्याचे लग्न होते, मुलगी जन्मते. फ्रोडो मात्र जखमा झालेल्या तिथी उगवताच आजारी पडत राहतो. गावात त्याला विशेष मानही मिळत नाही. आपण शायर वाचविण्यासाठी गेलो आणि तो वाचलाही, पण आपल्यासाठी नव्हे, ही जाणीव त्याला होते. परतल्यावर दोन वर्षांच्या आतच तो ग्रे हेवन्स बंदरातून समुद्रापारच्या प्रदेशाकडे कायमचा निघून जातो. मित्रांच्या मृत्यूनंतर जिवंत परतलेल्या एका सैनिकाने हे लिहिले आहे, हे ध्यानात घेतले की या प्रसंगाचे वजन कळते. महाभारताची कथा कुरुक्षेत्रावरील विजयाने संपत नाही, तर स्त्रीपर्वातील आक्रोश आणि महाप्रस्थान यांपर्यंत जाते. ती परंपरा परिचित असलेल्या वाचकाला विजयानंतरची ही उदासी अनोळखी वाटणार नाही.

फ्रोडोच्या प्रयाणानंतर ग्रंथ अधिक काळ रेंगाळत नाही. सॅम घरी येतो आणि परतल्याचे एका छोट्या वाक्यात सांगतो. तेथेच कथा संपते. टॉल्किन यांनी याहून पुढचा एक उपसंहारही लिहिला होता. त्यात अनेक वर्षांनंतर सॅम आपल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत सर्व पात्रांची खबरबात सांगतो. ज्यांनी तो वाचला, त्यांनी एकमुखाने नापसंत केल्यामुळे तो वगळण्यात आला, असे लेखकाच्या १९५४ मधील एका पत्रावरून समजते. त्याचे दोन पाठ १९९२ मध्ये ‘सॉरॉन डिफीटेड’ या खंडात प्रसिद्ध झाले. सर्व प्रश्नांची उत्तरे देणारा शेवट हाताशी असूनही तो बाजूला ठेवला गेला, ही घटना या समारोपाच्या इतिहासात निर्णायक म्हणावी लागेल.

प्रकाशन आणि स्वागत

टॉल्किन यांच्या दृष्टीने हा ग्रंथ एकसंध कादंबरी होता. युद्धोत्तर काळातील कागदाचा व छपाईचा खर्च पाहून ‘जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन’ या प्रकाशनसंस्थेने तो प्रत्येकी २१ शिलिंग किमतीच्या तीन खंडांत काढला. दुसरा खंड ११ नोव्हेंबर १९५४ रोजी आला आणि तो फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो तेथे थांबला. परिशिष्टांच्या कामामुळे तिसरा खंड २० ऑक्टोबर १९५५ पर्यंत लांबला. वाचकांना अकरा महिने थांबावे लागले. तिसऱ्या खंडाचे नावच शेवट उघड करते, अशी लेखकाची तक्रार होती. त्याला ‘द वॉर ऑफ द रिंग’ हे नाव अधिक पसंत होते.

डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी जानेवारी १९५६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून या खंडाचे मनःपूर्वक स्वागत केले. उलट एडविन म्यूर यांनी नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’मध्ये लिहिताना यातील पात्रे पोरवयाची असून चांगले लोक अखेरीस सुखरूप व आनंदी बाहेर पडतात, असा आक्षेप घेतला. एप्रिल १९५६ मध्ये ‘द नेशन’मध्ये एडमंड विल्सन यांनी नायकासमोर खरा मोह कधी उभाच राहत नाही, असे म्हटले. अग्निपर्वतावरील प्रसंग आणि फ्रोडोचे प्रयाण समोर ठेवले असता हे दोन्ही आक्षेप टिकत नाहीत. खऱ्या मोहापुढे नायक हरतो आणि तो सुखरूपही राहत नाही.

पीटर जॅक्सन यांच्या २००३ मधील चित्रपटाला अकरा ऑस्कर पुरस्कार मिळाले. त्यात शायरच्या मुक्ततेचे प्रकरण पूर्णपणे वगळले आहे. चौघे परततात तेव्हा गाव जसेच्या तसे असते. चित्रपटावरही लांबलेल्या शेवटाची टीका झाली. घरातील संघर्ष काढून टाकल्यावर उरलेले निरोपाचे प्रसंग नुसते निरोप वाटतात आणि फ्रोडोच्या जाण्यामागील कारण क्षीण होते, हे त्या टीकेमागील एक कारण असावे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, या समारोपातील मंगल कलाटणी नायकाच्या सामर्थ्यापेक्षा पूर्वी दाखविलेल्या दयेवर उभी आहे. दोन, विजयानंतरची सहा प्रकरणे हा पाल्हाळ नसून विजयाची किंमत कोणी मोजली याचा तो हिशेब आहे. तीन, फ्रोडोला निःशस्त्र करणे आणि उपसंहार वगळणे या दोन बदलांनी शेवटाला आजचे रूप दिले. त्यांपैकी दुसरा बदल पहिल्या वाचकांच्या नापसंतीमुळे घडला. समाधानकारक शेवट आणि सुखान्त या दोन कल्पना वेगळ्या आहेत, हे या ग्रंथाच्या इतिहासावरून दिसून येते. सॅम घरी पोहोचतो आणि फ्रोडो पोहोचत नाही. १९१६ नंतरच्या इंग्लंडमध्ये अशी घरे ठिकठिकाणी होती आणि हा शेवट त्यांना परकी वाटावी अशी कोणतीही गोष्ट सांगत नाही.