कॅलरी मोजून वजन उतरतं का? एका आकड्याची कुळकथा

"डॉक्टर, मी रोज १२०० कॅलरीच्या आतच खाते. मोबाइलमध्ये सगळं लिहून ठेवलंय, बघा. तरी काटा हलत नाही." हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी माझ्या कानावर पडतं. कधी शाळेतल्या बाई असतात, कधी आयटीतला तरुण. त्यापुढचा प्रश्न बहुतेकांच्या मनातच राहतो: माझ्या शरीरातच काही खोट आहे का? घरच्यांच्या मनात मात्र वेगळंच असतं. ही चोरून खात असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं.

दोन्ही शंका घटकाभर बाजूला ठेवू आणि त्या आकड्याकडेच बघू. कॅलरी मोजायला कुणी सुरुवात केली आणि कशासाठी? हे कळलं की तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही बरंचसं कळतं.

कॅलरी हे उष्णतेचं माप आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. आहाराबद्दल बोलताना आपण तिलाच नुसतं कॅलरी म्हणतो. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळलं ते मोजलं. मग त्या प्राण्याने सोडला तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळला, तर किती वितळतं तेही पाहिलं. दोन्ही मापं बरीच जवळ आली. म्हणजे श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचं मंद जळणंच आहे. जठराग्नी हा शब्द आपल्याकडे कितीतरी जुना. पण त्या अग्नीला ताजव्यात घालायची खटपट इथे सुरू झाली. पुढे शंभर वर्षांनी जर्मनीत माक्स रुब्नर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की अन्नातली ऊर्जा आणि शरीरातून बाहेर पडणारी ऊर्जा यांचा हिशेब जुळतो.

खरी गोष्ट सुरू होते ती अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर यांच्यापासून. कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी, वेस्लियन विद्यापीठात, हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९० च्या दशकात त्यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने एक खोली बांधली. खोली कसली, मोठं कपाटच: सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद. धातूच्या भिंती, आत एक खाट, टेबल आणि खुर्ची. त्यात माणूस दिवसेंदिवस राहायचा. जेवण एका लहानशा खिडकीतून आत जायचं, मलमूत्र त्याच वाटेने बाहेर यायचं, आणि दोन्हींचं वजन आणि पृथक्करण व्हायचं. नळ्यांमधून फिरणारं पाणी किती तापलं, यावरून त्या माणसाने किती उष्णता दिली ते कळायचं. खाल्लेलं आणि खर्चलेलं यांचा ताळमेळ इतका चोख लागला, की माणूसही ऊर्जेच्या नियमाला अपवाद नाही याबद्दल शंका उरली नाही. कर्बोदकाच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, प्रथिनाला ४, स्निग्धाला ९ हे पाकिटांच्या मागे छापले जाणारे आकडे मुळात त्यांच्याच कामातून आलेले आहेत.

पण ॲटवॉटर यांना कुणाचंही वजन उतरवायचं नव्हतं. त्यांच्यापुढे प्रश्न होता कामगारांचा. मजुरीचा मोठा हिस्सा जेवणावर जातो, तर कमीत कमी पैशांत अंगमेहनतीला पुरेल एवढी ऊर्जा कशी मिळेल? म्हणून त्यांचा कल पीठ, डाळी, कडधान्यं, चरबी यांकडे. पालेभाज्यांवर पैसे घालवणं त्यांना फारसं पटत नसे, कारण त्यांत कॅलरी जेमतेम. जीवनसत्त्वांचा शोध लागायचा होता, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या पालेभाज्या आज आम्ही वजन उतरवण्यासाठी सांगतो, त्याच त्या काळी त्याच आकड्यामुळे नापास झाल्या होत्या!

हे माप उलटं फिरवलं लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी. त्या स्वतः एके काळी १०० किलोच्या घरात होत्या आणि त्यांनी ३० किलोंच्या आसपास वजन उतरवलेलं होतं. १९१८ साली त्यांचं आहारावरचं पुस्तक आलं. पहिलं महायुद्ध चालू होतं, अन्न वाचवणं ही देशभक्ती होती, आणि पीटर्सबाईंनी वाचकांना सांगितलं, की यापुढे पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरी पाव म्हणा. वजन उतरवणाऱ्यांसाठी दिवसाला १२०० हा आकडा याच पुस्तकाने लोकांच्या तोंडी बसवला. पुस्तक तुफान खपलं. १९२० च्या दशकात ते अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांमध्ये होतं. त्या पुस्तकातली एक गोष्ट मला प्रामाणिक वाटते. हे पथ्य थोड्या महिन्यांचं नाही, कायमचं आहे, असं बाईंनी स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्या शंभर वर्षांत लोकांनी १२०० तेवढे उचलले आणि ही अट सोयीस्करपणे गाळली.

पुढची भर १९५८ ची. न्यूयॉर्कचे डॉ. मॅक्स विश्नोफ्स्की यांनी गणित मांडलं, की एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी. आपल्या मापात एका किलोला साधारण ७७००. त्यावरून घराघरांत नियम झाला: रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल. जरा हा नियम पुढे ताणून बघा. रोज ५०० म्हणजे वर्षाला १,८२,५००. भागिले ७७००, उत्तर जवळपास २४ किलो. ७० किलोच्या बाई तीन वर्षांत शून्य किलोवर याव्यात! तसं होत नाही हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तरीही रुग्णाचं वजन या गणिताप्रमाणे उतरलं नाही, की चूक गणितात शोधायची सोडून रुग्णात शोधली जाते.

चूक काय आहे? शरीर म्हणजे बँकेचं खातं नाही. तुम्ही कमी भरणा केला की तेही खर्च आवरतं. वजन घटलं की लहान झालेलं शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते, आणि त्याशिवाय शरीर वेगळी काटकसर करतं ती निराळीच. याचा सगळ्यात बोलका पुरावा १९४४-४५ मध्ये मिळाला होता, म्हणजे विश्नोफ्स्कींच्या आधीच. युरोपात युद्धाने उपासमार माजली होती आणि सुटकेनंतर त्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण घेतले. हे युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले स्वयंसेवक होते. त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १५७० कॅलरी दिल्या, आधीच्या आहाराच्या निम्म्या. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं.

त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. पण विश्रांतीच्या अवस्थेत जळणारी ऊर्जाही जवळपास ४० टक्क्यांनी घटली. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची. नाडी मंदावली, जिने चढवेनात. आणि मन! दिवसभर जेवणाचेच विचार. ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेक घास तासभर चिवडू लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर अनेकांची भूक कितीही खाल्लं तरी भागेना, आणि अंगावरची चरबी पूर्वीपेक्षा जास्त चढली. ही मुलं सडपातळ होती, तेव्हा त्यांचा अनुभव जसाच्या तसा ९० किलोच्या माणसाला लावता येणार नाही. पण ज्यांना ज्यांना कडक डाएटमध्ये रात्री स्वयंपाकाचे व्हिडिओ बघावेसे वाटतात, त्यांनी स्वतःला हावरट म्हणवून घेऊ नये. हे भुकेचं लक्षण आहे, स्वभावाचं नाही.

आपल्या देशातही कॅलरी आधी उपाशी माणसासाठीच मोजली गेली. दक्षिणेत कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास मांडला, तो माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार धरून. तेवढं अन्न परवडत नाही तो गरीब. पुढे याच आकड्यावरून मोठा वाद पेटला. साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे अनेक वर्षं जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत काम करून पुण्याला आले होते. त्यांचं म्हणणं असं, की एकाच माणसाची, तेच काम करत असतानाची गरजसुद्धा आठवड्यागणिक वरखाली होते. शरीर स्वतःला सावरून घेतं. सरासरी गरज ही सीमारेषा धरली, तर कितीतरी धडधाकट माणसं कुपोषित ठरतील. दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला. सुखात्म्यांच्या टीकाकारांची भीती साधी होती: सीमारेषा खाली आणली की गरीब माणूस कागदावरून नाहीसा होईल, पोटातली भूक तशीच राहील. धोरणाच्या बाबतीत मला ही भीती रास्त वाटते. पण दवाखान्यात बसल्यावर सुखात्म्यांचा मुद्दा रोज समोर दिसतो. लाखो लोकांसाठी काढलेली सरासरी एका माणसावर मोजमाप म्हणून घातली, की ती कुठे ना कुठे काचतेच.

आता मोजण्याच्या कामाकडे या. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, १२०० च्या आत खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या दहा जणांची तपासणी झाली. शरीराचा खरा ऊर्जाखर्च मोजल्यावर दिसलं, की त्यांचं चयापचय ठीक होतं. ते सांगत होते त्याच्या जवळपास दुप्पट त्यांच्या पोटात जात होतं. ही माणसं खोटारडी होती असं मी मानत नाही. तुम्हीच बघा: अ‍ॅपमध्ये 'एक पोळी' लिहिलं. पीठ २५ ग्रॅम असेल तर ८० कॅलरी, ४० ग्रॅम असेल तर १३० च्या पुढे, तूप वेगळं. फोडणीचं तेल कुणाच्या वाटणीला किती आलं हे कढईलाच ठाऊक. उरलेली खिचडी वाया नको म्हणून संपवली, ती तर जेवणात धरलीच जात नाही.

शिवाय तक्तेही पुरते खरे नाहीत. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी दाखवलं, की आख्ख्या बदामातून शरीराला मिळणारी ऊर्जा ॲटवॉटरच्या हिशेबापेक्षा बरीच कमी, जवळजवळ एक चतुर्थांश कमी असते. उरलेली चरबी न पचता शौचावाटे जाते. शेंगदाण्याचंही तसंच. आख्खे दाणे आणि पीनट बटर यांच्या कॅलरी कागदावर सारख्या असल्या तरी पोटात तशा नसतात.

तर मग मोजणं फुकट का? नाही. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, लोकांनी चरबी आणि कॅलरी लिहून ठेवल्या, सोबत प्रशिक्षक होता, व्यायाम होता. सरासरी पाच-साडेपाच किलो वजन कमी राहिलं आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. उलट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६०९ जणांना कॅलरीचा आकडाच दिला नव्हता. साधं, घरचं, कमी प्रक्रिया केलेलं अन्न खा असं सांगितलं होतं. वर्षभरात त्यांचंही सरासरी पाच-सहा किलो उतरलं. वजन उतरायला ऊर्जा कमी जावी लागते, हे दोन्हीकडे खरं. ती रोज वहीत मांडलीच पाहिजे असं नाही.

म्हणून मी रुग्णांना दोन आठवडेच लिहायला सांगतो, तेही कॅलरी नव्हे, तर पदार्थ आणि वाटी-चमच्याचं माप. त्यात बहुतेकांना स्वतःचं गळकं भांडं सापडतं: चहातली साखर, संध्याकाळचा फरसाण, रात्रीचं उशिराचं जेवण. त्यानंतर घरातला एकच आकडा धरायचा, तो तेलाचा. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज जवळपास ३८ ग्रॅम तेल जातं, म्हणजे ३४० कॅलरी. तोच डबा दीड महिना पुरवला, तर माणशी शंभरेक कॅलरी कमी होतात, आणि त्यासाठी कुणालाही ताटावर मोबाइल धरावा लागत नाही. डबा उघडला त्या दिवशी झाकणावर तारीख लिहून ठेवा. घरात कुणी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर त्याचं जेवण कमी करण्याआधी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि मोजता मोजता जेवणाचीच धास्ती वाटू लागली, एक लाडू खाल्ल्याबद्दल दुसऱ्या दिवशी उपास घडू लागला, तर वही बंद करून आम्हाला भेटा.