‘मी तिथे होतो’ : एका सभागृहाची बखर

इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरी पीटर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे एक भव्य दगडी इमारत उभी आहे. आज तिच्यात हॉटेल चालते; पण दर्शनी भिंत जुनीच राखली आहे आणि लोकांच्या तोंडी नावही जुनेच आहे : फ्री ट्रेड हॉल. परदेशी धान्यावरची जकात उठवावी म्हणून इंग्लंडात जी चळवळ झाली, तिला १८४६ साली यश आले. त्याचे स्मारक म्हणून पुढे दहा वर्षांनी हे सभागृह पुरे झाले. जागाही साधीसुधी नव्हे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी याच मैदानात मताचा हक्क मागायला हजारो निःशस्त्र माणसे जमली होती. त्यांच्यावर घोडेस्वार घातले गेले आणि सुमारे अठरा माणसे प्राणांस मुकली. ‘पीटरलू’ म्हणतात ते हेच. दुसऱ्या महायुद्धात सभागृहावर बॉम्ब पडले. १९५१ साली ते पुन्हा उभे राहिले आणि १९९६ पर्यंत हॅले वाद्यवृंदाचे ते घर होते.

श्रोतेहो, आज मला या वास्तूतल्या दोन संध्याकाळींविषयी बोलायचे आहे. दोन्ही रॉक संगीताच्या, आणि दोहोंमध्ये दहा वर्षांचे अंतर. मी इतिहासाचा शिक्षक आणि या संगीताचा शौकीन. रॉकचा आणि इतिहासाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, लढाई संपली तरी मागे तह राहतो, पत्रे राहतात, जमाखर्च राहतो. मैफल संपली म्हणजे दिवे मालवतात, माणसे घरी जातात, आणि उरते ती फक्त आठवण. मग ‘त्या रात्री काय घडले’ याचा इतिहास लिहायचा तो कशाच्या आधारावर?

पहिली संध्याकाळ १७ मे १९६६ ची. गायक बॉब डिलन. एक साधी गिटार आणि तोंडाशी धरलेला बाजा एवढ्या साहित्यावर गाणारा हा तरुण म्हणजे लोकसंगीताच्या चाहत्यांचा लाडका. परंतु १९६५ पासून त्याने विजेची गिटार हाती घेतली होती, आणि न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात त्यावरून गदारोळ उडाला होता. मँचेस्टरला त्याने पूर्वार्ध एकट्याने म्हटला. लोकांनी तो शांतपणे ऐकला. मध्यंतरानंतर मागे साथीदार उभे राहिले, आवाज चढला, आणि श्रोत्यांतले काही जण मुद्दाम संथ टाळ्या पिटू लागले. शेवटच्या गाण्याच्या आधी अंधारातून एक आरोळी आली : ‘जूडास!’ येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचे हे नाव. आपल्याकडे एखाद्याला ‘सूर्याजी पिसाळ’ म्हणावे, तशातला प्रकार. डिलनने त्याला तिथल्या तिथे खोटारडा ठरवले, साथीदारांना आणखी जोरात वाजवायला सांगितले, आणि गाणे सुरू झाले.

हे आपल्याला इतके नेमके ठाऊक आहे, कारण त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण झाले होते. पण इथेच गंमत आहे. या मुद्रणाच्या चोरट्या तबकड्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या त्या लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावावर! अस्सल कागद, पण वर शीर्षक भलतेच. दप्तरखान्यात बसणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. १९९८ साली कंपनीने ते मुद्रण रीतसर प्रसिद्ध केले, तेव्हाही ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत कायम ठेवले; कारण लोक त्याला त्याच नावाने ओळखत होते.

आणि ती आरोळी ठोकली कोणी? पुढे त्या मानाचे म्हणा, अपमानाचे म्हणा, धनी म्हणून एक नव्हे, दोन गृहस्थ पुढे आले. त्यांपैकी एकाचे म्हणणे तर असे की, आपला राग विजेच्या गिटारवर नव्हताच. ध्वनिक्षेपणाची व्यवस्था वाईट होती, त्यावर होता. म्हणजे ज्या आरोळीवर ‘लोकसंगीत विरुद्ध रॉक’ असे मोठमोठे सिद्धान्त उभारले गेले, तिच्या मुळाशी कदाचित खराब कर्णा असेल. दोन दावेदारांतला खरा कोण, हे ध्वनिफीत सांगत नाही. फितीवर आवाज आहे, चेहरा नाही.

मग आपण वळतो आत्मचरित्रांकडे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रॉकवाल्यांनी आत्मचरित्रांचा पाऊस पाडला आहे. त्यांची जातकुळी मला आपल्या बखरींची वाटते. सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी, जिंजीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. रॉकची आत्मचरित्रेही बहुधा अशीच : घटना घडून गेल्यावर कैक वर्षांनी, आणि पुष्कळदा शेजारी एखादा लेखनिक बसवून लिहिलेली. बखरीवर विसंबू नका, अस्सल पत्र शोधा, असे इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला बजावून ठेवले आहे. तो दंडक इथे लावून पाहू.

खुद्द डिलनचे ‘क्रॉनिकल्स’ २००४ साली आले. वाचक मोठ्या आशेने १९६६ चे पान शोधायला गेला, तर त्या दौऱ्याची हकिगत त्यात नाहीच! सुरुवातीचे न्यूयॉर्कचे दिवस आहेत, नंतरच्या काळातल्या दोन तबकड्यांची कथा आहे. मधला सारा रणसंग्राम गाळलेला. साथीदारांचा मेळा पुढे ‘द बँड’ या नावाने गाजला. त्यातला ड्रमवादक लेव्हॉन हेल्म याने १९९३ साली आपली कहाणी सांगितली. पण रोजच्या हुर्योला कंटाळून तो १९६५ च्या अखेरीसच निघून गेला होता, त्या रात्री तो मँचेस्टरला नव्हताच. गिटारवादक रॉबी रॉबर्टसन होता. त्याचे पुस्तक आले २०१६ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी. गाणी नेमकी कोणी रचली, श्रेय आणि पैसा कोणाचा, यावर या दोघांचे हाडवैर. हेल्म २०१२ साली वारला, त्यामुळे रॉबर्टसनच्या पुस्तकाला त्याचे उत्तर येणे शक्यच नव्हते. एकाच दरबारातल्या दोन बखरी आणि दोन्हींत वेगवेगळे राज्य, असा हा मामला. हेल्मच्या जागी त्या रात्री ड्रम वाजवणारा मिकी जोन्स होता. त्यानेही पुढे पुस्तक लिहिले. पण मला मोलाचे वाटते ते त्याने दौऱ्यात हौसेखातर आपल्या लहानशा कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण. ते त्याच दिवसांतले आहे.

आता दुसरी संध्याकाळ : ४ जून १९७६. जागा तीच इमारत, पण वरच्या मजल्यावरचे छोटे सभागृह. लंडनचा ‘सेक्स पिस्टल्स’ नावाचा, तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला बँड. तिकीट ५० पेन्स. कार्यक्रम ठरवला हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी. बहुतेक कथनांप्रमाणे श्रोते चाळीस-पन्नासच होते. परंतु ‘मी तिथे होतो’ म्हणणारे पुढे हजारोंनी निघाले! डेव्हिड नोलन या लेखकाने या एका संध्याकाळीवर अख्खे पुस्तक लिहिले. त्याचे नावच मुळी ‘शपथेवर सांगतो, मी तिथे होतो’ अशा अर्थाचे आहे. टोनी विल्सनसारख्या, पुढे मँचेस्टरच्या संगीताचा आधारस्तंभ ठरलेल्या माणसाच्या हजेरीविषयीही वाद आहे. याचे आपण मराठी माणसांनी नवल करू नये. १९२१ सालच्या ‘संयुक्त मानापमाना’ला ज्यांचे आजोबा हजर होते, अशी घराणी मोजायला बसलो, तर ते नाट्यगृह गिरगाव चौपाटीएवढे असले पाहिजे.

तरी जे खरोखर हजर होते, त्यांचे पुढे काय झाले ते पाहा. पीटर हुक याने आपल्या २०१२ सालच्या पुस्तकात लिहिले आहे की, दुसऱ्याच दिवशी त्याने बास गिटार विकत घेतली. त्याचा मित्र बर्नार्ड समनर याचेही पुस्तक आहे, २०१४ चे. वादन सुमार होते, आणि नेमके म्हणूनच ‘हे आपल्यालाही जमेल’ असे वाटले, असा त्याचा सूर. या दोघांच्या बँडने पुढे ‘जॉय डिव्हिजन’ आणि नंतर ‘न्यू ऑर्डर’ या नावांनी संगीताची दिशा बदलली. श्रोत्यांत सतरा वर्षांचा एक मुलगा होता, मॉरिसी. त्याचे जाडजूड आत्मचरित्र २०१३ साली आले. पण त्याने त्याच जून महिन्यात एका संगीत साप्ताहिकाला पत्र पाठवले होते आणि ते छापून आले. त्या पत्रात भक्तिभाव कमी आणि थट्टा अधिक. बँडच्या फाटक्या कपड्यांवरही शेरा आहे. हे खरे राजवाड्यांचे चिटोरे! ‘इतिहास घडतो आहे’ असे त्या मुलाला तेव्हा मुळीच वाटत नव्हते, आणि त्याच्या साक्षीची किंमत यातच आहे.

मग आत्मचरित्रे रद्दीत घालावीत काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण याच जागेच्या जुन्या इतिहासात सापडते. पीटरलूच्या दिवशी ‘टाइम्स’चा बातमीदार जॉन टायस व्यासपीठावरच होता, पकडलाही गेला. त्याची हकिगत तीन दिवसांत छापून आली. तिथेच सॅम्युअल बॅमफर्ड नावाचा विणकर हजर होता. त्याने आपले आत्मवृत्त लिहिले वीसएक वर्षांनी. घटनांचा क्रम घ्यायचा तर टायसचा घ्यावा. पण त्या सकाळी गावोगावची माणसे बायकामुलांसह, स्वच्छ कपडे घालून, कवायतीची पावले टाकत, किती आशेने शहराकडे निघाली होती, हे बॅमफर्ड सांगतो. ते गाळले तर अठरा हा नुसता आकडा उरतो.

रॉकचेही तसेच. तारीख, गाण्यांचा क्रम, कोणी काय उच्चारले, हे फितीला आणि पत्राला विचारावे. पण एका मुलाने दुसऱ्या दिवशी उठून दुकानात जाऊन गिटार का घेतली, हे कोणतीही फीत सांगणार नाही. ते त्याच्या आठवणीलाच विचारले पाहिजे. आणि जे तिथे नसून ‘मी होतो’ म्हणतात, त्यांची साक्षही अगदी फुकट नाही. त्या संध्याकाळी काय घडले याचा तो पुरावा नव्हे. पण त्या संध्याकाळीची थोरवी लोकांच्या मनात केवढी वाढली, त्याचे माप तिथे मिळते.

आमच्या विद्यार्थिदशेत मुंबईला धोबी तलावाजवळच्या उघड्या रंगभवनात रॉकच्या मैफली होत. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले असले कार्यक्रम थांबले. आम्ही चौघे मित्र एका ऑगस्टात गेलो होतो. आज चौघे एकत्र बसलो की, त्या रात्री पाऊस होता की नव्हता, यावरूनच वाद जुंपतो. एकाने मात्र तिकिटाचा अर्धा तुकडा जपून ठेवला आहे. तारखेचा वाद निघाला की तो तुकडा काढतो आणि आम्ही गप्प बसतो. पावसाचा वाद अजून चालूच आहे.

आजचे तरुण श्रोते सबंध मैफल हातातल्या फोनवर टिपून घेतात. घ्यावी, उद्याच्या इतिहासकाराला ती उपयोगी पडेल. परंतु फोनमध्ये उतरते ते व्यासपीठावरचे. टिपणाऱ्याच्या मनात काय चालले होते, ते त्यात येत नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. मैफलीहून घरी आलात की, झोपण्यापूर्वी वहीत दहा ओळी लिहा. कोणाबरोबर गेलात, कुठे बसलात, कोणत्या गाण्याला अंगावर काटा आला, कोणत्या वेळी जांभई आली, आणि पाऊस होता की नव्हता. खाली तारीख घाला. तेवढे केलेत, तर तीस वर्षांनी जो कोणी या काळाच्या संगीताचा इतिहास लिहायला बसेल, त्याला निदान एक साक्षीदार भरवशाचा मिळेल.