२४ नोव्हेंबर : जहाजगोदीतून रंगमंचावर

स्कॉटिश अभिनेते, गायक-वादक आणि विनोदवीर बिली कॉनोली यांचा आज जन्मदिन. २४ नोव्हेंबर १९४२ रोजी ग्लासगोच्या अँडरस्टन या कामगारवस्तीत त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच घर सोडून गेली, आत्यांनी वाढवले. शाळा सुटल्यावर क्लाइड नदीकाठच्या जहाजगोदीत ते वेल्डर झाले. तिथल्या कामगारांची रांगडी बोली आणि फिरकी घेण्याची हातोटी पुढे आयुष्यभर त्यांच्या कामी आली.

१९६५ मध्ये बँजो घेऊन त्यांनी 'हंबलबम्स' हा लोकसंगीताचा संच काढला. पुढे गेरी रॅफर्टी त्यात आले. दोन गाण्यांमध्ये कॉनोली श्रोत्यांशी गप्पा मारत, त्या लांबतच गेल्या आणि लोक गप्पांसाठीच येऊ लागले! १९७१ मध्ये संच फुटला आणि कॉनोली एकटेच रंगमंचावर उभे राहू लागले. १९७५ मध्ये मायकेल पार्किन्सन यांच्या टीव्हीवरील मुलाखतींच्या कार्यक्रमाने त्यांना ब्रिटनभर घरोघरी पोहोचवले. त्याच वर्षी त्यांचे विडंबनगीत विक्रीत पहिले आले. केळ्याच्या आकाराचे त्यांचे रंगमंचावरचे पिवळेधमक बूट आज ग्लासगोच्या 'पीपल्स पॅलेस' संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.

त्यांच्यातला खरा नट दिसला तो 'मिसेस ब्राउन' (१९९७) मध्ये. ज्युडी डेंच यांच्या राणी व्हिक्टोरियासमोर त्यांनी उभा केलेला हट्टी, एकनिष्ठ सेवक जॉन ब्राउन आवर्जून पाहावा असा आहे. २०१३ मध्ये कंपवाताचे निदान झाले. बँजोवरची बोटे हळूहळू अडखळू लागली, पण चित्रकला त्यांनी सोडली नाही. २०१७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.